फक्त पाने उलटायची

"मामा, तुला फक्त पानं उलटायची आहेत," असे भाची म्हणाली तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते, कारण आमच्या घरात 'फक्त' या शब्दाने सुरू झालेले काम अख्खा दिवस गिळते. बस्टर कीटनच्या 'द जनरल' या १९२६ सालच्या विनोदी मूकपटाला ती लॉ कॉलेज रस्त्याजवळच्या एका लहान सभागृहात पियानोची साथ करणार होती आणि तिच्या शेजारी बसून पाने उलटणारी मैत्रीण ऐन वेळी तापाने आडवी झाली होती. लहानपणी चार वर्षे पेटी शिकल्यामुळे मी घरात जाणकार समजला जातो. पण पाश्चात्त्य स्वरलिपी मला पाच दोऱ्यांवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखी दिसते. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मी मान हलवली की उलटायचं."

मूकपटांच्या काळी आपल्याकडे पडद्यापाशी पेटी-तबलेवाले बसत आणि दृश्य पाहून सुचेल ते वाजवीत. त्यांच्यापुढे कागद नसे, त्यामुळे मामाही लागत नसे. भाचीने मात्र सव्वा तासाचे संगीत स्वतः रचून बेचाळीस पानांत लिहिले होते.

दुपारच्या तालमीत डोक्यावरच्या पंख्याने त्यातली तीन पाने थेट तिसऱ्या रांगेत पोचवली. पंखा बंद ठेवून प्रयोग करणे पुण्यात शक्य नव्हते, म्हणून मी घरी जाऊन गॅलरीतल्या दोरीवरचे बारा लाकडी चिमटे घेऊन आलो. आता प्रत्येक पानासाठी दोन चिमटे काढायचे, पान उलटायचे, दोन चिमटे लावायचे, आणि हे सारे 'टक्' असा आवाज न करता!

चित्रपट सुरू झाला आणि खरी अडचण उघड झाली. 'द जनरल' ही सगळी आगगाड्यांच्या पाठलागाची गोष्ट. भाचीचा डावा हात रुळांचा ठेका धरून होता आणि मानही त्याच ठेक्यात हलत होती. त्यातली कोणती मान इंजिनासाठी आणि कोणती माझ्यासाठी, हे ओळखायला मी तिच्या कानामागच्या क्लिपवर नजर रोवून बसलो. प्रेयसीने झिडकारलेला कीटन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर खिन्नपणे बसतो आणि इंजिन निघाल्यावर तसाच वर-खाली होत राहतो, त्या प्रसंगाला सभागृह खदखदून हसले. मला क्लिप दिसली.

कीटन पडद्यावर हसत नाही. आईवडिलांबरोबर रंगमंचावर कामे करणाऱ्या त्या पोराने, आपण गंभीर राहिलो की लोक जास्त हसतात, हे लहानपणीच हेरले होते. त्या संध्याकाळी माझाही चेहरा त्याच्याइतकाच दगडी होता. पहिल्या रांगेतली एक मुलगी पडदा सोडून माझ्याकडेच पाहून हसत होती.

एकदाच मोह झाला. शत्रूवर रोखलेल्या तोफेची नळी खाली कलून खुद्द कीटनवरच रोखली जाते, ते पाहायला मी मान वळवली आणि त्याच क्षणी कोपराचा हिसका बसला. घाईघाईत दोन पाने एकदम उलटली गेली. तोफ रोखलेली असताना पियानोवर प्रेयसीची हळवी धून सुरू झाली. भाचीने माझ्याकडे पाहिले नाही. न पाहताही किती बोलता येते, ते मला तेव्हा कळले.

शेवटाकडे जळत्या पुलासह खरेखुरे इंजिन नदीत कोसळते. मूकपटांच्या काळातले हे सर्वांत महागडे दृश्य मानतात. खर्च सुमारे ४२,००० डॉलर सांगितला जातो. मी ते भाचीच्या चष्म्याच्या उजव्या काचेत पाहिले.

प्रयोग संपल्यावर एक आजोबा काठी टेकत पियानोपाशी आले. "तोफेला ते हळुवार वाजवलंत ना, ते फार वरचं सुचलं हं," असे ते भाचीला म्हणाले. तिने विनयाने नमस्कार केला आणि मी चिमटे गोळा करू लागलो.

घरी पोचताच बायकोने चित्रपटाची चौकशी करण्याआधी चिमटे मोजले. "अहो, अकराच आहेत."

बारावा माझ्या सदऱ्याच्या बाहीला होता.