२६०/२८० दोन आला म्हणून आरएनए चांगला ठरत नाही

नागपुरातल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक सल्ला सतत फॉरवर्ड होतो: नॅनोड्रॉप या प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्रावर २६०/२८० (२६० आणि २८० नॅनोमीटरला होणाऱ्या शोषणाचं गुणोत्तर) दोनच्या आसपास असेल तर आरएनए उत्तम, रिन (आरएनए किती अखंड आहे याचा आकडा) ७ च्या वर असेल तर बिनधास्त पुढे जा, ७ च्या खाली असेल तर सॅम्पल फेकून द्या, आणि टिश्यू उणे ८० अंशांना ठेवला की काळजी मिटली. चारही वाक्यांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती खपतात. पण शस्त्रक्रियेतून मिळालेला तुकडा दुसऱ्यांदा मिळत नाही, त्यामुळे एकेक वाक्य तपासलंच पाहिजे.

"२६०/२८० दोन म्हणजे उत्तम." नॅनोड्रॉप फक्त किती प्रकाश शोषला गेला ते मोजतो, रेणूची लांबी त्याला दिसत नाही. दोन हजार बेसचा अखंड आरएनए आणि त्याचाच झालेला चुरा, दोन्ही तोच आकडा देतात. डीएनएही २६० लाच शोषतो. तो मिसळलेला असेल तर गुणोत्तर १.९ च्या आसपास दिसतं, आणि आरएनएची मात्रा मात्र फुगते. शिवाय तोच आरएनए पाण्यात मोजला तर आकडा कमी येतो आणि पीएच ८ च्या ट्रिस बफरमध्ये मोजला तर वाढतो. म्हणून आरएनए ज्यात विरघळवला आहे, त्याच द्रावणाने ब्लँक (शून्याचं मोजमाप) घ्या.

संत्र्याच्या किंवा कापसाच्या पानांवर काम करणाऱ्यांची खरी डोकेदुखी २६०/२३० ही आहे. पॉलिसॅकराइड, पॉलिफिनॉल आणि ट्रायझॉल या आरएनए काढण्याच्या द्रवातलं उरलेलं ग्वानिडीन हे सगळं २३० च्या आसपास शोषतं. आकड्यावर वाद घालण्यापेक्षा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) दहापट पातळ करून क्यूपीसीआर (प्रती वाढवत मात्रा मोजणारी चाचणी) लावा. सीक्यू, म्हणजे संकेत ज्या आवर्तनाला दिसतो तो आकडा, साधारण ३.३ ने वाढायला हवा. वाढ त्याहून बरीच कमी आली, तर मूळ सॅम्पलमध्ये अभिक्रिया अडवणारं काहीतरी आहे. डीएनएज (डीएनए तोडणारं एन्झाइम) दिल्यानंतरही रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक नळी प्रत्येक सॅम्पलसाठी लावाच, म्हणजे उरलेला डीएनए कळतो.

"रिन ७ च्या वर, मग बिनधास्त." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. बायोअॅनालायझर या आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या यंत्रावरचा रिन हा १ ते १० मधला आकडा मुख्यतः १८एस आणि २८एस या रायबोसोमल आरएनएच्या आलेखावरून निघतो. एकूण आरएनएचा ८० टक्क्यांहून जास्त भाग रायबोसोमल असतो. तुम्हाला मोजायचा असलेला एमआरएनए (प्रथिनांचा संदेश वाहणारा) जेमतेम १ ते ५ टक्के. आणि आरएनए तुटण्याआधी पेशीत काय बदललं, हे रिन सांगूच शकत नाही. रक्तपुरवठा बंद झाला की फॉस, जून, ईजीआर१ यांसारख्या जनुकांची पातळी मिनिटांत हलू लागते. त्या वेळी आरएनए अखंडच असतो आणि रिन ८ च्या वर येऊ शकतो.

समजा गाठीचा तुकडा टेबलावरूनच द्रव नायट्रोजनमध्ये गेला आणि शेजारचा निरोगी तुकडा पॅथॉलॉजीची कापणी झाल्यावर, पाऊण तासाने मिळाला. दोघांचाही रिन ८.५ आला, तरी जो फरक दिसेल त्यातला किती आजाराचा आणि किती वेळेचा, हे नंतर कुणालाच सोडवता येणार नाही. रक्तवाहिनी बांधल्याची, तुकडा बाहेर काढल्याची आणि तो गोठवल्याची, अशा तीन वेळा लेबलवर लिहा. दोन्ही गटांत हे अंतर सारखं ठेवा.

"७ च्या खाली, फेकून द्या." पॅराफिन ब्लॉकमधल्या (मेणात जतन केलेल्या टिश्यूतल्या) आरएनएचा रिन बहुधा २ ते ३ येतो. या नियमाने चाललो तर पॅथॉलॉजीची कपाटंच रिकामी करावी लागतील. तिथे डीव्ही२०० बघतात, म्हणजे २०० बेसहून लांब तुकड्यांची टक्केवारी. ती ७० च्या वर असेल तर चांगलं, ३० च्या खाली असेल तर बहुधा सोडून द्यावं. अशा आरएनएवर पॉली-ए निवड (एमआरएनएच्या शेपटीला पकडून वेगळं करणं) करू नका, कारण फक्त ३' टोकाकडचे तुकडे हाती लागतात. रायबोसोमल आरएनए काढून टाकण्याची पद्धत घ्या. क्यूपीसीआरला ७० ते १०० बेसचा अॅम्प्लिकॉन (वाढवायचा तुकडा) आणि सीडीएनए बनवताना शेपटीला चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटीऐवजी कुठेही चिकटणारे रँडम हेक्झामर वापरा.

कधी कधी आकडाच खोटा असतो. अनेक कीटकांच्या २८एसमध्ये मधोमध एक छुपी चीर असते. बायोअॅनालायझरच्या चिपवर घालण्याआधी ७० अंशांवर तापवलं की २८एसचे दोन तुकडे १८एसजवळ जाऊन बसतात, आणि धडधाकट आरएनएचा रिन पडतो. बोंडअळीवर काम करत असाल तर न तापवलेलं सॅम्पल शेजारच्या खान्यात चालवून बघा. पानांत क्लोरोप्लास्टचे १६एस आणि २३एस येतात, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये वनस्पतींचा पर्याय निवडा.

मात्र सगळे रुग्ण रिन ४ चे आणि सगळे कंट्रोल ८ चे, अशी तुलना कुठल्याही पद्धतीने वाचवता येत नाही.

"उणे ८० ला ठेवला की काळजी मिटली." गोठताना पेशी फुटतात, वितळताना आरएनएज (आरएनए तोडणारं एन्झाइम) मोकळा सुटतो. स्वादुपिंड आणि प्लीहेत तर तो भरपूर असतो. म्हणून तुकडा बर्फावर वितळवून कापू नका. द्रव नायट्रोजनमध्ये कुटा आणि पूड वितळायच्या आत ट्रायझॉलमध्ये टाका: ५० ते १०० मिलिग्रॅमला १ मिलिलिटर.

आरएनएलेटर (आरएनए टिकवणारा द्रव) वापरत असाल तर तुकड्याची निदान एक बाजू ५ मिलिमीटरहून कमी हवी आणि द्रव त्याच्या ५ ते १० पट. रात्रभर ४ अंशांवर ठेवा, मग द्रव काढून उणे ८० ला न्या. अख्खी गाठ बुडवली तर कडा टिकते आणि गाभा सडतो. या द्रवात सॅम्पल ३७ अंशांवर दिवसभर, २५ अंशांवर आठवडाभर टिकतं असं मानतात. पण मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ पर्यंत जातो आणि उन्हातल्या गाडीत त्याहून वर. आरएनएलेटरमधला डबाही आइसपॅकमध्येच पाठवा.