मैय्या सांभाळते, पण मोजे आपणच वाळवायचे

आज सकाळी एका ग्रुपवर एका ताईंनी विचारलं, सासूबाई आणि शाळकरी मुलीला घेऊन पायी नर्मदा परिक्रमेला निघतोय, शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे वाटेतल्या त्या डोंगराळ जंगलाच्या टप्प्यात, सगळ्यांचं मन खचलं तर काय करायचं? उत्तरं काय आली, तर हात जोडलेले इमोजी आणि 'सकारात्मक राहा, मैय्या सांभाळते'. डोकंच फिरलं. श्रद्धेने माणूस उभा राहतो, मान्य. पण श्रद्धेने टाचेवरचा फोड बसत नाही हो!

मला आठवलं ते सांगलीकडचं कुटुंब. याच झाडीत, बिलगावच्या अलीकडे एका पाड्यावर भेटलेलं. नवरा-बायको, आजी आणि 11 वर्षांची मुलगी. चौघं चार दिशांना तोंडं करून बसलेली. नवऱ्याच्या पाठीवर 13 किलोची सॅक, तिच्यात प्रेशर कुकर, तीन ब्लँकेटं आणि चकल्यांचा डबा. आदल्या दिवशी 22 किलोमीटर रेटलेले. आता या माणसांना कुणी सकारात्मक राहायला सांगितलं असतं तर आजींनी काठीच उगारली असती.

ताई, नीट ऐका. झाडीत दमछाक होते ती मनाच्या कमकुवतपणाने नाही. सरदार सरोवराचं पाणी चढलं, काठची जुनी वाट बुडाली, म्हणून आता डोंगर चढा आणि उतरा. गुडघे उतारावर जातात, चढावर नाही. सपाटीवर 20-25 किलोमीटर चालणारा मोठा माणूस इथे 15 ला टेकतो. मूल आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर 10 धरा, 12 म्हणजे डोक्यावरून पाणी. पहाटे सहाला निघा, साडेअकराला आसन लावा, म्हणजे मुक्काम टाका. आणि सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा. तो मागे राहिला की पुढचे थांबतात, तो पोचला की पुढचे उठतात, म्हणजे ज्याला विसावा हवा त्यालाच तो मिळत नाही. निम्मी भांडणं याच्यावरून होतात.

फोड येतो ओल्या मोज्याने. मोज्यांचे दोन जोड ठेवा, एक पायात, एक सॅकवर सेफ्टी पिनेने टांगलेला. दुपारी बदला. टाच नुसती हुळहुळायला लागली की तेव्हाच चिकटपट्टी लावा, फोड यायची वाट बघू नका. बूट एक नंबर मोठा, पाय सुजतात. लहान फोड फोडायचा नाही. मोठा आणि दुखरा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचा, पाणी काढा, वरची कातडी तशीच राहू द्या आणि झाका. आजींना मधुमेह असेल तर यातलं काही स्वतः करू नका, दवाखाना गाठा. जुलाब लागले तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

तर त्या कुटुंबाने काय केलं? दोन दिवस हललेच नाहीत. पहिल्या दिवशी नुसती झोप आणि धुणं. दुसऱ्या दिवशी आजींनी सॅक अंगणात उपडी केली आणि न्यायनिवाडा सुरू. कुकर गेला. सदाव्रतात, म्हणजे परिक्रमावासींना फुकट शिधा देतात तिथे, शिधा मिळाला तर पातेल्यात खिचडी होते, तेवढी पुरे. दोन ब्लँकेटं गेली. चकल्या पाड्यावरच्या पोरांनी दहा मिनिटांत संपवल्या. सॅक सात किलोवर आली आणि नवऱ्याच्या तोंडातून सकाळपासूनचं पहिलं धड वाक्य आलं.

त्या पोरीच्या वहीत तेवढ्यात दोन पानं भरली होती. मक्याची भाकरी, लसणाची चटणी, मांडीवर झोपलेलं बकरीचं पिल्लू, उतरलेल्या घरच्या बाईंकडून टिपलेले पावरी, म्हणजे तिथल्या आदिवासी बोलीतले शब्द. आजी त्याच बाईंशी चुलीपाशी तासभर बोलत होत्या. एकीला मराठी येत नाही, दुसरीला पावरी. विषय बहुधा सुना.

याला मी चांगलं म्हणतो. आदल्या दिवशीही ती भाकरी, ते पिल्लू, ती चूल तिथेच होती, पण 22 किलोमीटर चालून आलेल्या माणसाला स्वतःच्या अंगठ्यापलीकडे काही दिसत नाही. म्हणून खचलात तर विचार बदलत बसू नका, आधी अंतर कमी करा, मग वजन. मन आपोआप येतं मागून, आजींसारखं, सावकाश.

मुलीची शाळा बुडते, हे खरंच आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि झाडी झेपणार नाही वाटलं तर शहादा-प्रकाशावरून सपाटीची वाट आहे, तिने जाणारे काही कमी परिक्रमावासी नव्हेत. इथे कुणी नाक मुरडू नका, तुमचे गुडघे अजून नवे आहेत.

पुढे विमलेश्वरला, जिथून नर्मदेच्या मुखाशी नावेने पलीकडच्या तीरावर जातात तिथे, नावेसाठी थांबावं लागलं तर चिडू नका. नाव भरतीवर सुटते, घड्याळावर नाही. तिथे गर्दी असते, पण दोन दिवस अंग टेकायला मिळतं, आणि मोजे खडखडीत वाळतात.

तो कुकर अजून त्या पाड्यावर असेल. शिट्टी तेव्हाच सैल होती.

ताई, आज रात्री सॅक भरून वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा इथे कमेंटमध्ये लिहा. सातच्या वर असेल तर काय काढायचं ते सासूबाईंना ठरवू द्या.