शिरोलीच्या सर्व्हरबद्दल आमचं म्हणणं

नमस्कार साहेब,

शिरोलीचा जुना सर्व्हर व्हर्च्युअल करून नव्या मशीनवर न्यायच्या कामाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. मंगळवारी सकाळी माल भरून गाडी उभी राहिली आणि चलन निघेना, त्याचा तुम्हाला त्रास झाला. त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

पण 'एका रात्रीचं काम मंगळवार दुपारपर्यंत लांबवलं, वर डोंगलचे जादा पैसे घेतले' असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात, त्यावर बोलणं भाग आहे. राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात येणारं नवं गिऱ्हाईक आधी हेच वाचतं.

एका रात्रीचा शब्द मी दिला होता, तो तुम्ही फोनवर सांगितलेल्या 150 जीबीवर. रविवारी रात्री सर्व्हर उघडला तर डेटा निघाला 600 जीबी. कास्टिंगची ड्रॉइंग होतीच, शिवाय सीसीटीव्हीचं जुनं रेकॉर्डिंगही त्याच डिस्कवर. त्यात तुमचा नेटवर्क स्विच 100 एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. त्यातून सेकंदाला फार तर 11-12 एमबी जातात. म्हणजे 600 जीबीला 14-15 तास, तेही कुठं न अडकता. दहापट वेगाच्या गिगाबिट स्विचवर हीच कॉपी दोनेक तासांत उरकते. तो स्विच मी कोटेशनमध्ये घातला होता. 'आहे त्यावर चालतंय की' म्हणून तुम्हीच तो काढायला लावलात.

दुसरं म्हणजे, पंख्याच्या जाळीवरची काळी भुकटी पुसली तेव्हा तिसऱ्या डिस्कचा नारिंगी दिवा दिसला, म्हणजे ती डिस्क गेलेली. रेड फाइव्हमध्ये, म्हणजे डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवायच्या पद्धतीत, एक डिस्क गेली तरी सर्व्हर चालत राहतो, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. आणखी एक गेली असती तर सगळंच गेलं असतं. म्हणून कॉपी लावण्याआधी डेटाबेसचा वेगळा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला. त्यात वेळ गेला, आणि तो घालवायलाच हवा होता.

तरीही सोमवारी, तुमच्या सुट्टीदिवशीच, व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नव्या मशीनमध्ये सॉफ्टवेअरवर चालणारी जुन्या सर्व्हरची नक्कल, सुरू झालं होतं. पण तुमच्या अकाउंटंटनी त्या संध्याकाळी येऊन जुन्याच सर्व्हरवर बिलं टाकली. कॉपी सुरू झाल्यानंतरच्या नोंदी नव्या मशीनमध्ये येत नाहीत. जुन्यावर कुणी हात लावू नका, हे मी तुमच्यासमोर सांगितलं होतं. मंगळवारी सकाळी डेटाबेस जुन्या सर्व्हरवरून पुन्हा घ्यावा लागला तो एवढ्यासाठी. तसाच सोडून आमची पोरं वेळेत घरी गेली असती, पण तुमची सोमवारची बिलं गायब झाली असती.

डोंगलचं, म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या यूएसबी चावीचं म्हणाल, तर हायपर-व्हीमधल्या (व्हर्च्युअल मशीन चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) मशीनला यूएसबी डोंगल थेट दिसत नाही, नेटवर्कवरून जोडणारं डिव्हाइस लागतं. ते आणलं त्याच किमतीला लावलं, खरेदीचं बिल तुमच्या फाइलला आहे. तुमच्या जुन्या सर्व्हरवरच्या विंडोज सर्व्हर 2008 आर2 या सिस्टीमचे नेहमीचे अपडेट जानेवारी 2020 मध्येच बंद झालेत, आणि व्हर्च्युअल केलं म्हणून ती नवी होत नाही. तुमचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं म्हणून तशीच नेली आणि तिचं इंटरनेट तोडून ठेवलंय. ते कृपया जोडू नका.

यापुढे डेटा स्वतः मोजल्याशिवाय वेळ सांगणार नाही, आणि काम चालू असताना फोन करून कळवण्याचंही बघतो. जुना सर्व्हर महिनाभर फॉरमॅट न करता तसाच ठेवा. आणि साहेब, हे सगळं तुमच्या अकाउंटंटना एकदा विचारून बघा, मग त्या एका स्टारचं काय करायचं ते ठरवा.