ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. आणि आधीच सांगते, यात ज्या दोघींबद्दल लिहिलंय त्या दोघींना विचारून लिहिलंय. एकीने सगळं लिही म्हटलं, दुसरीने आजाराचं नाव सोडून काहीही लिही म्हटलं. ते नाव मी लिहिणार नाही, कमेंटमध्ये अंदाज बांधत बसू नका.

तर झालं असं की आत्यांना (आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात) दाखवायला मिरजेला घेऊन गेले होते. दुखणं बायकांचं, बरीच वर्षं अंगावर काढलेलं, मला सांगायलाच त्यांना आठ महिने लागले आणि सांगितलं तेही भांडी लावताना, माझ्याकडे पाठ करून. मुलाला कळू द्यायचं नाही ही एकच अट. केसपेपरच्या खिडकीवर गेलो तर तिथली मुलगी म्हणाली आधार कार्ड द्या, आभा (सरकारचं डिजिटल आरोग्य खातं) काढायला लागतंय, ओटीपी येईल तो सांगा. आता आत्यांच्या आधारला मोबाईल नंबर कुणाचा? अर्थातच माझ्या नवऱ्याचा. दहा वर्षांपूर्वी केंद्रात जो सोबत गेला त्याचा नंबर लागला, निम्म्या महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्या माणसांचं असंच असेल. मागे वीसेक माणसं उभी, मी पुण्याला फोन लावला, ओटीपी आलाय बघ, तो मीटिंगमध्ये, सहा आकडे पाठवून मोकळा झाला. कशाचा, कुणासाठी, काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. खिडकीतल्या मुलीनेही काही सांगितलं नाही. तिघांनी मिळून आत्यांची संमती देऊन टाकली आणि आत्या शेजारी पिशवी धरून उभ्या होत्या.

चार दिवसांनी नवऱ्याच्या मोबाईलवर मेसेज, तुमचा हेल्थ रेकॉर्ड लिंक झालाय. आमचे हे ॲपवाले, लगेच डाउनलोड करून लॉगिन (परत ओटीपी, परत त्यांच्याच मोबाईलवर), आणि डॉक्टरांची चिठ्ठी, विभागाचं नाव, सगळं समोर. बिचारा घाबरून आईला फोन करतो, "आई, एवढं झालं आणि मला सांगितलं नाहीस?" त्याची काही चूक नाही. पण त्या दिवशी आत्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. रात्री फक्त म्हणाल्या, "तुला एकटीला सांगितलं होतं गं." त्यांना वाटलं मी फोडलं. ओटीपी म्हणजे काय हे त्यांना समजावताना मला पहिल्यांदा नीट कळलं की ओटीपी म्हणजे काय.

त्यानंतर मी हे आभा प्रकरण मुळापासून वाचून काढलं (नवरा म्हणाला पीएचडी कर). आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, १४ आकडी नंबर. १५ ऑगस्ट २०२० ला आधी केंद्रशासित प्रदेशांत चाचणी सुरू झाली, सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर. तेव्हा नाव हेल्थ आयडी होतं. ज्यांनी कोरोनाच्या लशीला आधार दाखवलं त्यातल्या कित्येकांचा आयडी तिथंच तयार झाला, जुनं सर्टिफिकेट काढून बघा, यूएचआयडी म्हणून नंबर असेल तर तो हाच. रांगेत दंड पुढे करून उभं राहिलेल्या माणसाला तिथं कुणी वाचून काय दाखवणार होतं?

आणि गंमत म्हणजे कागदावरची रचना वाईट नाहीये. मला वाटलं होतं सगळ्यांचे रिपोर्ट दिल्लीत एका मोठ्या कॉम्प्युटरवर गोळा करतात. तसं नाही. रेकॉर्ड ज्या दवाखान्यात तयार झालं तिथंच राहतं. दुसऱ्या डॉक्टरला ते हवं असेल तर त्याने मागायचं, ती विनंती तुमच्या ॲपवर येते, त्यात लिहिलेलं असतं कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या प्रकारचे कागद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे, आणि किती दिवस बघायला मिळणार. तुम्ही नाही म्हणू शकता. तारखा कमी करू शकता. दिलेली परवानगी काढून घेऊ शकता. खातंच नको असेल तर बंद करू शकता. आणि मुळात आभा ऐच्छिक आहे, नाही काढलं तरी उपचार नाकारता येत नाहीत. हे वाक्य मला एकाही खिडकीवर लिहिलेलं दिसलं नाही, "आभा लागतंय" एवढंच ऐकू येतं.

म्हणजे ज्याने कुणी हे डिझाइन केलं त्याने पेशंटचा विचार केलाय. फक्त त्याच्या डोळ्यासमोरचा पेशंट वेगळा आहे. तो एकटा राहतो, त्याचा स्वतःचा स्मार्टफोन आहे, त्याला इंग्रजी वाचता येतं, आणि त्याचा मोबाईल दुसरं कुणी उचलत नाही. आमच्या घरात असा पेशंट नाही. तुमच्या घरात आहे का? आमच्याकडं मोबाईल चार्जिंगला लावला की तो घराचा असतो, ज्याच्या हाताशी असेल तो मेसेज वाचतो. एकाच नंबरवर घरातल्या सगळ्यांचे आभा काढून ठेवलेत, आणि मग म्हणायचं की कंट्रोल पेशंटच्या हातात. कंट्रोल मोबाईलवाल्याच्या हातात आहे. आणि मोबाईलवाला म्हणजे बहुतेक वेळा मुलगा, नवरा नाहीतर सासरा.

सासऱ्यावरून मावसबहिणीची गोष्ट. हिचं सगळं लिही म्हणालीय ती. दोनदा राहिलेलं गेलं होतं, तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं आणि तिच्या नवऱ्याने ठरवलं की तीन महिने होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. लॅबमध्ये रक्त दिलं. तिथं तिच्या नावापुढे कधीकाळी डेंगीच्या वेळेला दिलेला सासऱ्यांचा नंबर होता, लॅबवाल्यांनी विचारलं नाही, हिला आठवलं नाही. संध्याकाळी पीडीएफ सासऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर. त्यांनी शेजारच्या मास्तरांकडून अर्थ समजून घेतला आणि पेढे आणले. माणूस आनंदाने वेडा झाला, त्याला काय बोलणार. भावकीत सगळीकडे फोन झाले. नवव्या आठवड्यात परत तेच झालं. आणि मग पुढचे दोन महिने ज्यांनी अभिनंदनाचे फोन केले होते त्या प्रत्येकाचा सांत्वनाचा फोन, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, प्रत्येकाकडे एक डॉक्टर नाहीतर एक देव. ती म्हणते, दुःख झालंच असतं गं, पण ते आमचं दोघांचं राहिलं असतं.

यात कुठं हॅकर नाही, कुठं चोर नाही. प्रायव्हसी म्हटलं की आपल्याला वाटतं कुठंतरी रशियात बसलेला कुणीतरी. तसंही होतं, नाही असं नाही. २०१६ च्या शेवटी मुंबईतल्या एका लॅबचे ४३ हजारांच्या आसपास रिपोर्ट नेटवर उघडे पडलेले सापडले होते, त्यात एचआयव्हीचे रिपोर्ट पण होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तिथं दोनेक आठवडे कागद-पेनावर काम चाललं होतं. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवर एक बॉट लशीवाल्यांची माहिती सांगत सुटला होता. या बातम्यांनी आपण चार दिवस घाबरतो. पण बाईच्या आयुष्यात प्रत्यक्ष फरक पडतो तो रिपोर्ट सासऱ्यांच्या मोबाईलवर गेल्याने, टेलिग्रामवर गेल्याने नव्हे, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता कुणी म्हणेल मग नकोच ते ऑनलाइन, आपली फाईल बरी. त्यांना मी आमच्या सांगलीची गोष्ट सांगते. ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, माझं माहेर गावभागात, खालचा मजला पूर्ण पाण्याखाली. बाबांच्या बायपासची फाईल कपाटाच्या खालच्या कप्प्यात, साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत, अँजिओग्राफीची सीडी सकट. पाणी उतरल्यावर त्या पिशवीत राखाडी लगदा होता. पुढं सहा महिन्यांनी छातीत दुखलं म्हणून नेलं तर डॉक्टर विचारतात कुठली नस, किती ग्राफ्ट, रक्त पातळ होण्याची गोळी कुठली, आणि आई सांगते, "पांढरी, छोटी, मधे रेघ असलेली." बाबा वाचले. पण त्या दिवशी ते रेकॉर्ड कुठंतरी आकाशात असतं तर मी हात जोडले असते. त्यामुळे मला डिजिटल नको असं कुणी माझ्या तोंडी घालू नका. आणि फाईलची प्रायव्हसी तरी काय होती, आलागेला प्रत्येक पाहुणा एक्सरे उजेडाकडे धरून बघायचा! पण फाईलचं एक होतं, ती गादीखाली लपवता यायची. आत्यांनी आठ महिने तेच केलं होतं.

कायद्याचं थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०१८ मध्ये आरोग्याच्या डेटासाठी वेगळ्या कायद्याचा मसुदा आला होता, दिशा नावाचा, त्यात डेटा पेशंटच्या मालकीचा असं चक्क लिहिलं होतं, तो मसुदाच राहिला. मग २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून पुढं १८ महिने. त्यात चांगलं हे की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. मला खटकलेलं हे की आधीच्या मसुद्यांत आरोग्याची माहिती वेगळ्या, नाजूक वर्गात होती, या कायद्यात तो वर्गच नाही. म्हणजे माझा पिझ्झाचा पत्ता आणि आत्यांची चिठ्ठी एकाच तागडीत.

बाकी एचआयव्हीसाठी आणि मानसिक आजारासाठी २०१७ चे वेगवेगळे कायदे आहेत, दोन्हीत गुप्ततेचं कलम आहे. पण घरातल्या माणसाने चार्जिंगला लावलेला मोबाईल उचलला तर कुठलं कलम लावणार?

एस्टोनिया नावाचा चिमुकला देश आहे, तिथं पेशंटला लॉगिन करून दिसतं की आपलं रेकॉर्ड कुणी कुणी उघडलं होतं. म्हणजे कुठल्या ओळखीच्या नर्सने उगाच डोकावलं तर ते कळतं. मला ते फार आवडलं. पण तिथंही लॉगिन करणारा माणूस पेशंटच आहे हे धरलेलंच आहे. आमच्या आत्यांना ती यादी दिसली असती तर त्यात मुलाचं नाव आलंच नसतं, कारण सिस्टीमच्या हिशोबाने उघडणाऱ्या आत्याच होत्या.

आणखी एक. नंबर बंद केला की ९० दिवसांनंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. बाबांनी रिचार्ज परवडत नाही म्हणून एक जुना नंबर सोडला, तो तीन दवाखान्यांत आणि दोन लॅबमध्ये नोंदवलेला होता. आता त्यांची साखर किती आहे हे कुणा अनोळखी माणसाला कळत असेल, देव त्याचं भलं करो. मी त्या सगळीकडे जाऊन नंबर बदलून आले. एका लॅबमध्ये म्हणाले बदलता येत नाही, नवीन पेशंट म्हणून टाकतो. जुने रिपोर्ट? ते जुन्या नंबरलाच राहणार. वाद घालून तासाभराने बदललं, म्हणजे येत होतं!

तर घरी काय केलं. आत्यांसाठी त्यांच्या नावाचं सिम घेतलं, साधा बटणांचा फोन, आधार केंद्रात अर्धा दिवस बसून नंबर बदलला, आभालाही बदलला. नवऱ्याने स्वतःहून ॲपमधून त्यांचं खातं काढून टाकलं, थोडा ओशाळला होता. मला माहितीये बटणांच्या फोनवर ॲप चालत नाही, म्हणजे परवानगी बघणं, तारखा कमी करणं, मागे घेणं हे त्यांना काहीच करता येणार नाही, त्यासाठी अजूनही कुणाच्या तरी स्मार्टफोनकडे जावं लागणार. हा अर्धाच उपाय आहे. पण निदान किल्ली त्यांच्या कमरेला आहे.

परवा परत तपासायला गेलो होतो. खिडकीवरच्या मुलीने सांगितलं आजी ओटीपी आलाय का बघा. आत्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरून मेसेज वाचला, आणि आकडे सांगायच्या आधी विचारलं, "कशाला पायजे?" मुलगी म्हणाली सिस्टीमला लागतो. "ते कळलं. तो दिला की कुणाकुणाला काय दिसणार?" तिला सांगता येईना, तिने आतून सरांना बोलावलं, सर आले, त्यांनाही नीट सांगता येईना. मागच्या रांगेत कुरकुर सुरू झाली. आत्या शांतपणे म्हणाल्या, "विचारून या, मी हाय हितंच," आणि पिशवी घेऊन बाकड्यावर बसल्या.