रिपोर्टच्या आधी स्टेरॉइड? तो फॉरवर्ड आधी डिलीट करा

परवा रात्री साडेदहाला मावसबहिणीचा, म्हणजे ताईचा, फोन. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला ब्लड कॅन्सरचा संशय आहे, दोन दिवसांनी तपासणीसाठी बोन मॅरो (हाडातला मगज) काढायचं ठरलंय, आणि ही बाई हातात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची पट्टी घेऊन मला विचारतेय, अर्धी देऊ की एक? पट्टी सासऱ्यांच्या दम्याची, चार गोळ्या उरलेल्या. कारण काय, तर मोबाइलवर आलेला एक मेसेज. माझ्याकडेही तो आधी तीनदा येऊन गेला होता आणि मी न वाचता पुढे सरकले होते, त्याचा आता राग येतोय.

मेसेज थोडक्यात असा: शास्त्रज्ञांनी स्टेरॉइड आणि केमोचं औषध एकत्र जोडून ल्युकेमियावर (ब्लड कॅन्सरवर) रामबाण इलाज शोधला, उंदीर ठणठणीत बरे झाले, औषध फक्त कॅन्सरच्या पेशीतच शिरतं म्हणून साइड इफेक्ट शून्य, कंपन्यांनी हे दाबलंय, तेव्हा रिपोर्टची वाट न बघता स्टेरॉइड लगेच सुरू करा आणि नंतर क्लोरॅम्ब्युसिल ही केमोची गोळी जोडा.

शेवटचं वाक्य आधी घेते कारण त्यानं मूल जाऊ शकतं. लहान मुलांत जास्त दिसणारा ल्युकेमिया लिंफॉइड प्रकारचा (एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा), आणि त्या पेशी स्टेरॉइडनं खरंच भराभर मरतात, पण धोका तिथेच आहे. दोन-चार दिवस गोळी पोटात गेली की रक्तातल्या आणि मॅरोतल्या खराब पेशी कमी होतात, मग सुई घालून काढलेल्या नमुन्यात चित्र धूसर येतं आणि आजार नक्की कुठला, किती जोखमीचा हे ठरवणं अवघड होतं. जर्मनीतून आलेल्या बीएफएम या उपचारपद्धतीत तर पहिले 7 दिवस मुख्यतः स्टेरॉइडच देतात आणि आठव्या दिवशी रक्तात एका मायक्रोलिटरला 1000 पेक्षा कमी खराब पेशी उरल्या का ते मोजतात, त्यावरून पुढची ट्रीटमेंट किती कडक ठेवायची ते ठरवायला मदत होते. घरी आधीच गोळ्या दिल्या की या मोजणीला अर्थच राहत नाही. आणि पेशी एकदम फुटल्या तर पोटॅशियम, युरिक अ‍ॅसिड रक्तात उसळतं, किडनी बंद पडू शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, याला ट्यूमर लायसिस म्हणतात. हॉस्पिटलमध्ये सलाईन लावून, दिवसातून अनेकदा रक्त तपासून हे सांभाळतात, घरी कोण सांभाळणार? शिवाय आजार मायलॉइड या दुसऱ्या प्रकारचा निघाला तर स्टेरॉइड हा त्याचा इलाजच नाही.

आता उंदीर. हो, यात अर्धं सत्य आहे, मान्य करते. स्टेरॉइडच्या रेणूला नायट्रोजन मस्टर्ड घराण्यातलं केमोचं औषध (क्लोरॅम्ब्युसिलही याच घराण्यातलं) चिकटवायचे प्रयोग खरंच झालेत, ग्रीसमधल्या पत्रास विद्यापीठात यावर वर्षानुवर्षं काम झालंय, अशी संयुगं एकमेकांबरोबर किंवा दुसऱ्या केमोबरोबर देऊन ल्युकेमियाचे उंदीर जास्त जगतात का तेही तपासलंय. पण तिथलं स्टेरॉइड म्हणजे मेडिकलमधली गोळी नव्हे, त्याच्या रेणूतल्या चार कड्यांपैकी चौथ्यात नायट्रोजन घालून रेणूच बदललेला होता, आणि हा बदल केल्यावरच परिणाम वाढला. दोन वेगळ्या पट्ट्यांतल्या गोळ्या एकत्र गिळून ते संयुग बनत नाही.

आणि उंदीर ‘बरे झाले’ म्हणजे काय तेही बघा. पी388 नावाची ठरलेली टेस्ट आहे, त्यात उंदराच्या पोटात 10 लाख ल्युकेमिया पेशी टोचतात आणि दुसऱ्या दिवसापासून औषधही बहुतेक वेळा त्याच पोटात. औषध न दिलेले उंदीर साधारण 10-11 दिवसांत मरतात. औषध दिलेले सव्वापट जगले तरी औषध ‘सक्रिय’ धरायचं अशी अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेची रीत होती, म्हणजे 10 दिवसांऐवजी साडेबारा! काही प्रयोगांत उंदीर याहून खूप जास्त जगलेही, पण माणसात निदान होतं तेव्हा अंगभर साधारण एक लाख कोटी खराब पेशी असतात, कालच टोचलेल्या 10 लाख नव्हे.

‘साइड इफेक्ट शून्य’ हे वाचून तर हात थरथरले. स्टेरॉइडचे रिसेप्टर (ते पकडणारे रेणू) शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात, मग औषध फक्त कॅन्सरलाच कसं ओळखेल? आणि मेसेजमधली जी गोळी ‘जोडा’ म्हणून सांगितलीये ती क्लोरॅम्ब्युसिल, तिला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, आयएआरसीनं, पहिल्या गटात टाकलंय. म्हणजे माणसात कॅन्सर घडवते हे सिद्ध झालेलं, तंबाखूचा धूर ज्या गटात आहे त्याच गटात. या जातीची औषधं डीएनएलाच चिकटतात, त्यामुळे काही पेशंटना पाच-सात वर्षांनी दुसराच ल्युकेमिया होतो. डॉक्टर ती ठरावीक आजारांत फायदा-तोटा तोलून देतात, ते वेगळं.

दाबून ठेवल्याचं म्हणाल तर एस्ट्राम्युस्टिन हे याच कल्पनेतून आलेलं औषध प्रोस्टेट कॅन्सरसाठी अमेरिकेत 1981 मध्ये मंजूर झालं, आणि प्रेडनिसोलोन-क्लोरॅम्ब्युसिलची जोडगोळी प्रेडनिम्युस्टिन माणसांना देऊन बघितलेली आहे. सगळं छापून आलेलं आहे.

ताईनं गोळी दिली नाही. पण तुमच्यापैकी कुणी आधीच दिली असेल, या मेसेजमुळे असो की ताप-खोकल्यासाठी असो, तर घाबरून लपवू नका. कुठली गोळी, किती मिलिग्रॅमची, कुठल्या तारखेला किती दिल्या ते कागदावर लिहा, रिकामी पट्टी बरोबर घ्या आणि मॅरो काढायच्या आधी डॉक्टरांच्या हातात द्या. आणि बरेच दिवस चालू असेल तर आपल्या मनानं एकदम बंदही करू नका, त्यांना विचारूनच.