एकशे दोन, श्वास सोडा!

काल सकाळी सहा चाळीसला मी ओरडलो. ओरडलो हे मला माहीत होतं. नेमकी वेळ सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. 'पहिल्या मजल्यावरील सभासदांनी सकाळी सातपूर्वी आरडाओरडा करू नये. आदेशावरून.' खाली सात अंगठे. त्यातला एक माझ्या बायकोचा.

झालं असं, की ऑफिसात 'कम्फर्ट झोनच्या बाहेर' नावाचं शिबिर झालं. हॉटेलात, भर जानेवारीत एसी लावून. एकवीस दिवस रोज एक नकोशी गोष्ट करायची. मी म्हटलं, "येतो की रोज ऑफिसला." कोणी हसलं नाही. माझ्या नावापुढे 'थंड पाण्याने आंघोळ' असं लिहिलं गेलं.

हे नाशकात. तिकडे निफाडचा पारा रोज पेपरात झळकतोय आणि इकडे मी नळाखाली. खर्च तसा शून्य. आमच्याकडे सोलर आहे, पण टाकी गच्चीवर आणि मी पहिल्या मजल्यावर. पाइपात रात्रभर साचलेलं गार पाणी दोन बादल्या सोडून द्यावं तेव्हा कुठे गरम खाली उतरतं. म्हणजे मला फक्त वाट बघायची नव्हती.

पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि श्वास आत गेला तो गेलाच. बाहेर आला तो आवाजासकट. आमच्या चारही मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. त्या डक्टला सभागृहात असावा असा घुमारा आहे. माझा आवाज वर गेला आणि वरून उत्तर आलं.

"एकशे दोन का?"

हे चारशे दोनचे काका. सोसायटीचे सेक्रेटरी, एसटीतून निवृत्त कंडक्टर. सभासदांना ते सीट नंबरसारखे फ्लॅट नंबरानेच ओळखतात. माझ्या मुलीच्या बारशालाही त्यांनी 'चि. एकशे दोन' असं पाकीट दिलं होतं.

"हो काका."

"पडलात?"

"नाही. थंड पाणी घेतोय."

"गॅस संपला?"

"नाही. मुद्दाम."

वरचा तांब्या थांबला. "मुद्दाम म्हणजे नवस?"

डक्टमध्ये तोंड वर करून, अंगावर काटा आणि डोळ्यांत साबण अशा अवस्थेत मी माणसाला वैयक्तिक विकास समजावून सांगत होतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"डोक्यावर कशाला घेतलंत पहिलं? आधी पाय, मग गुडघे. माणसं गाडीत चढवतात तशी, एकेक. आणि श्वास सोडा. सोडा! ऐकू येत नाहीये."

मी सोडला.

"अजून! आम्ही पहाटे पाचच्या गाडीला ड्यूटी करायचो, डेपोच्या हौदावर आंघोळ. बर्फ बरा! म्हणून आज हा असा ठणठणीत आहे."

"आताही थंडच घेता?"

"छे! आता सोलर आहे ना. वर कसं, नळ सोडला की कढत."

त्यांच्या खिडकीतून वाफ निघत होती. मला ती खालून दिसत होती. मग तीनशे दोनच्या काकूंनी मधूनच विचारलं की तुमच्या दोघांचं झालं असेल तर त्यांना जपाला बसायचं आहे.

शिबिरातल्या बाईंनी एक पडदाभर आकडा दाखवला होता. नेदरलँड्समध्ये २०१६ साली छापून आलेला अभ्यास, तीन हजारांवर माणसं, थंड शॉवर, आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी. टाळ्या झाल्या. रात्री मी तो शोधून वाचला. ती माणसं आधी गरम पाण्याने अंघोळ करून शेवटी तीस ते नव्वद सेकंद गार घ्यायची. आणि आजारी पडण्याचे दिवस काही कमी झाले नव्हते. कमी झाली ती फक्त रजा. म्हणजे लोक शिंकत शिंकत कामावर गेले. हा नेमका कोणाचा विकास, ते पडद्यावर नव्हतं.

माझ्या खुर्चीची पाठ दिवाळीपासून मोडलेली आहे. तीन मेल टाकलेत. ती नकोशी गोष्ट एकवीस दिवसांत धरत नाहीत, विचारलं मी. आई गावी विहिरीवर गार पाण्याने नाहायची, कारण बंबातलं पाणी आम्हा चौघा भावंडांतच संपायचं. तिला कोणी प्रमाणपत्र दिलं नाही, आणि आता ती गीझरशिवाय बाथरूमकडे फिरकतही नाही.

आज सकाळी मी दोन बादल्या सोडून दिल्या, वाट पाहिली आणि गरम पाणी घेतलं. पाठीवर पहिला तांब्या, अहाहा. तेवढ्यात डक्टमधून हाक आली.

"एकशे दोन! आज आवाज नाही?"

नोटीस काढणारे हेच. मी क्षणभर गप्प राहिलो. मग नियमात बसेल इतपत, हळूच ओरडलो.

"हां," काका वरून म्हणाले, "आज श्वास बरोबर सुटला."