चॅपल म्हणजे फुटकळ? : एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, इंग्लंडमधल्या ओल्नी गावावरच्या माझ्या लेखात तिथल्या चॅपलांबद्दल, म्हणजे सरकारी चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथांच्या प्रार्थनागृहांबद्दल लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. परत वाचली, कारण आधी वाटलं गंमतीत लिहिलंय. "ओल्नीचा इतिहास म्हणजे जॉन न्यूटनचं चर्च, बाकी चॅपलं म्हणजे फुटकळ पंथांच्या बिनशिखराच्या शेडी, त्यावर अर्धा लेख म्हणजे विकिपीडिया उपसून पानं भरणं." (न्यूटन म्हणजे 'अमेझिंग ग्रेस' हे गीत लिहिणारा तिथला पाद्री.) मतभेद असू देत हो, पण शेडी? कुणाच्या प्रार्थनेच्या जागेला असं म्हणायची पद्धत तुमच्याकडे असेल, आमच्याकडे नाही.

लेखातले फोटो अंधुक आलेत हे मान्य, पावसात मोबाइलवर काढलेत.

आता विकिपीडिया. मी मिल्टन कीन्सला राहते, ओल्नी आमच्या शेजारचं, मुलं लहान होती तेव्हापासून जाणंयेणं आहे, ती पॅनकेकची शर्यतसुद्धा थंडीत कुडकुडत उभं राहून बघितलीय. आणि माहेर नगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या गावातलं, तेही असल्याच एका पंथाचं मिशन, त्यामुळे 'फुटकळ पंथ' काय काय करू शकतात ते मला गुगल करावं लागत नाही.

तर शिखर. न्यूटनच्या चर्चचं, सेंट पीटर अँड सेंट पॉलचं शिखर 185 फूट आहे, नदीपलीकडूनही दिसतं, सुंदरच आहे. पण चॅपलला शिखर का नाही हे विचारलंत का कधी? 1662 च्या कायद्याने सरकारी प्रार्थनापुस्तक न मानणारे पाद्री बाहेर काढले, 1664 ला घरच्या माणसांखेरीज पाचाहून जास्त जण चर्चबाहेर प्रार्थनेला जमले तरी गुन्हा. 1689 ला जमायची परवानगी मिळाली, तीही जागेची नोंद करून. ज्यांचे आजेपणजे लपूनछपून प्रार्थना करत होते ते शिखर बांधतील की चार भिंती? बरं, पुढेही 1837 पर्यंत बॅप्टिस्ट, म्हणजे चॅपलवाल्यांपैकीच एका पंथाच्या माणसाला लग्न लावायला त्या शिखराखालीच जावं लागायचं, आणि त्या चर्चच्या डागडुजीची पट्टी 1868 पर्यंत सक्तीने वसूल करता यायची, चॅपलवाल्यांकडूनसुद्धा. म्हणजे तुमच्या लाडक्या इमारतीत या 'फुटकळ' लोकांचाही पैसा आहे!

आणि न्यूटनचंच नाव घेताय म्हणून सांगते, चर्चने त्याला दीक्षा द्यायला वर्षानुवर्षं टाळाटाळ केली, तेव्हा तो स्वतः चॅपलवाल्यांकडे जायच्या बेतात होता. 1764 ला ओल्नीत आल्यावरही त्याची त्यांच्याशी दोस्तीच, न्यूपोर्ट पॅग्नेलचा विल्यम बुल तर स्वतंत्र मंडळीचा, म्हणजे चॅपलवाल्यांचाच पाद्री, तरी जिगरी मित्र. त्याला जे कळलं ते तुम्हाला अडीचशे वर्षांनी कळू नये?

जॉन सटक्लिफच्या बॅप्टिस्ट मंडळीकडे 1785 ला बूट शिवणारा एक तरुण आला. पहिलं प्रवचन काही जमलं नाही, मंडळींनी थांबवून ठेवलं, 1786 ला प्रचारक म्हणून मान्यता दिली. नाव विल्यम कॅरे. 1805 ला बंगालमधल्या सेरामपूरला मराठीचं व्याकरण छापणारा तोच. मराठीत टायपून चॅपलला शेड म्हणताना हे माहीत नसेल तर ठीक आहे, माझ्या लेखात होतं, तुम्ही बहुतेक तिथवर पोचला नाहीत.

कवी विल्यम कूपरवर कमी लिहिलं, मेथडिस्टांचं काय, वगैरे बाकी मुद्दे सोडून देते, एका लेखात किती कोंबणार. पुढचा लेख बुलच्या न्यूपोर्ट पॅग्नेलवर आहे, त्यातही चॅपलच आहे, आधीच सांगून ठेवते.